सरकटे मॅडमचा सोमवार

सरकटे मॅडम बंद गाडीत बसत नसत. एसटी असो, काळीपिवळी असो की ऑफिसने ठरवलेली जीप. ड्रायव्हरने चावी फिरवून इंजिन चालू केल्याशिवाय त्या पायरीवर पाय ठेवत नसत. चिखलीच्या स्टँडवर मेहकरची गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत आणि मॅडम पिशवी खांद्याला लावून बाहेर उभ्या राहत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, जागा जाईल हो."

"जाते तं जाऊ द्या ताई. पह्यले हे उठते का नाही ते पाहू द्या. सगळे बसल्यावर कळलं का उठत नाही, तं मंग?"

मग त्या पुढच्या चाकाजवळ कान देऊन उभ्या राहत. गाडी घरघरली की मान हलवत आणि चढत.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बरीच वर्षं बसले. चिखलीत खताच्या एका दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. लाइट बिल, पगार, पाण्याचे जार, इन्व्हर्टर, कुणाची रजा, कुणाचा वाढदिवस, हे सगळं माझ्याकडे. सकाळी कामं कागदावर लिहायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक खोडायची, ही माझी पद्धत. प्रोग्रॅम लिहिणं माझ्या कागदावर कधीच नव्हतं. तरीही आमचा प्रोग्रॅम कसा उठतो आणि आलेल्या माणसाला कसं उत्तर देतो, हे मी आज कुणालाही सांगू शकते. कारण मॅडम ते मोठ्याने बोलत.

आधी कामाचं सांगते. एका संस्थेचे आपल्या जिल्ह्यात गावोगावी दवाखाने आहेत. सोनाळ्याला एक आहे, जानेफळला एक आहे, असे आणखी काही. पेरणीपासून पुढे आपल्याकडे साप चावलेली माणसं येत राहतात. विषावरची लस फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि ती प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक वेळी असतेच असं नाही. म्हणून संस्थेने आमच्याकडून एक वेबसाइट करून घेतली. दवाखान्यातली सिस्टर लस आली की आणि वापरली की मोबाइलवर टाकते. जीपचा ड्रायव्हर गावाचं नाव टाकतो आणि स्क्रीन सांगते, अमुक दवाखान्यात जा, तिथे लस आहे. बस, एवढंच. पण मांडीवर माणूस घेऊन घरचे मागे बसलेले असताना एवढंच फार असतं. हे काम मॅडमनी उभं केलं होतं.

मॅडम जानेफळच्या. पुण्याला शिकल्या, तिथे काही वर्षं नोकरी केली आणि वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा परत आल्या. पुण्यात त्यांच्या बोलण्याला हसत. त्यावर त्यांचा उपाय असा, की इकडे आल्यावर त्यांनी इंग्रजी ईमेल सोडून बाकी सगळं वऱ्हाडीत करायला घेतलं. कॉम्प्युटरशीसुद्धा. ठेंगणा बांधा, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ. डब्यात कायम ज्वारीची भाकरी आणि ठेचा; ठेचा इतका तिखट की अमोल एकदा घास घेऊन जिन्यापर्यंत पळाला होता. अमोल म्हणजे त्यांच्या हाताखालचा प्रोग्रॅमर. लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, पण मॅडमसमोर त्याचा आवाज बारीक व्हायचा.

दर सोमवारी सकाळी चहा झाला की मॅडम फोन घेऊन बसत. प्रत्येक दवाखान्याला फोन. "सिस्टर, थोडा वेळ बंद करून राह्यली मी. कोनी आलं तं फोनवर बोलजा. अन् फ्रिज उघडून पाहा बरं एकदा. नाही, उघडूनच पाहा." मग त्या चालता प्रोग्रॅम बंद करत. बंद म्हणजे पूर्ण बंद. भिंतीवर टांगलेल्या स्क्रीनवर प्रत्येक दवाखान्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असे, म्हणजे माहिती चालू; तोच ड्रायव्हरांच्या मोबाइलवरही दिसे. तो लाल होई. मॅडम म्हणत, "ऊठ बे आता."

काळ्या पडद्यावर एकेक ओळ यायला लागे आणि मॅडम ती हजेरी घेतल्यासारखी वाचत. सेटिंगची फाइल वाचली. डेटाबेसला, म्हणजे संस्थेकडच्या माहितीच्या कोठाराला, हाक मारली, त्याने ओ दिली. लशीची यादी आली. चौकीदार रांगेत उभे राहिले. खोल्यांच्या पाट्या लागल्या. आणि सगळ्यात शेवटी: दार उघडलं.

"दार शेवटी काऊन?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. त्यांच्यासारखं बोलायची तेव्हा मला हौस होती.

"ताई, आपला सोनाळ्याचा दवाखाना पाह्यला ना तुमी? सकाळी सिस्टर येते, कपाट उघडते, फ्रिज पाह्यते, डॉक्टर खुर्चीवर बसते, मंग शिपाई दार उघडते. शिपायानं पह्यले दार उघडलं अन् आत कोनीच नसलं तं? माणसं येऊन बसतीन. त्यायले वाटन का दवाखाना चालू हाय. याच्यातबी तसंच हाय. हे जे फ्रेमवर्क म्हन्तात ना, म्हनजे प्रोग्रॅमचा सांगाडा, त्याची सगळी अक्कल एवढीच हाय, का उठताना कोन कोनाच्या मागून उठते."

उठल्यानंतरचंही त्यांनी तसंच समजावलं. बाहेरून आलेली प्रत्येक विचारणा, म्हणजे रिक्वेस्ट, सरळ खोलीत जात नाही. तिला चौकीदारांच्या रांगेतून जावं लागतं. पहिला चौकीदार कोण आलं, कधी आलं, ते लिहून घेतो. दुसरा विचारतो, तू कोण? तिसरा पाहतो, तुला आत जायची मुभा आहे का? मग पाटी पाहून योग्य खोली. खोलीत उत्तर तयार होतं आणि ते त्याच चौकीदारांच्या हातून, उलट्या क्रमाने, बाहेर जातं. "ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत," मॅडम म्हणत. "मधातून उडी मारून कोनाले जाता येत नाही."

एकदा अमोलने चौकीदारांची जागा बदलली. ओळख विचारणारा पुढे आणि लिहून घेणारा मागे. त्याचं म्हणणं, नको असलेले लोक आधीच हाकलले तर नोंदीचा कचरा कमी होतो. ऐकायला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात सोनाळ्याच्या कुसुम सिस्टरचा फोन आला. पासवर्ड बदलल्यामुळे अख्खी दुपार त्या आत यायचा प्रयत्न करत होत्या, मशीन दारातूनच परत पाठवत होतं. आमच्याकडे त्याची एकही ओळ नव्हती. आमच्या लेखी त्या दुपारी सोनाळ्याहून कुणी आलंच नव्हतं.

मॅडमनी अमोलला उभं केलं.

"आत आलेला मानूस दिसतेच बे. दारातून वापस गेलेला कोनाले दिसते?"

"मॅडम, चुकून..."

"चुकून नाही. तू हुशारीनं केलं. चुकून केलं असतं तं मी बोलली नसती." मग त्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "जा, चहा सांग. ठेचा देऊ का संगं?"

अमोल हसला. मॅडमही हसल्या. पण नोंद घेणारा चौकीदार पुढे आणून लागेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही.

सोमवार बंद झाला तो वेगळ्याच कारणाने. आमचे मालक प्रशांत सर यांनी संस्थेच्या बैठकीत आमची स्क्रीन मोठ्या पडद्यावर दाखवली. नेमका सोमवार होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिरवे ठिपके लाल झाले. संस्थेच्या कुणीतरी विचारलं, "हे दर आठवड्याला बंद पडतं का?" सर परत आले ते रागातच.

"मॅडम, उद्यापासून हे बंद करणं बंद. चांगलं चाललेलं मशीन कशाला मारायचं?"

"सर, चालून राह्यलं म्हनजे उठता येते असं नाही. ते जवा उठलं तवाची दुनिया त्याच्या डोक्यात हाय. खाली काय बदललं ते त्याले माहीत नाही. सोमवारी उठवलं तं आपल्या समोर उठन नाही तं अडकन. आपन इथं बसलेले असू. अवेळी पडलं तं?"

"अवेळी कशाला पडेल?"

पुढच्या सोमवारी चहानंतर मॅडमनी दवाखान्यांना फोन केले, फ्रिज उघडून पाहायला सांगितलं आणि फोन ठेवला. काळ्या पडद्याकडे पाहत बसून राहिल्या. असे बरेच सोमवार गेले. हिरव्या ठिपक्यांत काहीही बदल नव्हता. मला मात्र त्या बदललेल्या दिसत होत्या. डबा अर्धा परत न्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "ताई, घरात म्हातारं मानूस लय वेळ झोपलेलं असलं का कसं वाटते? हात लावावा का नाही लावावा? तसं होऊन राह्यलं मले."

आणि मग ते पडलं. आमचा सर्व्हर भाड्याचा आहे. भाड्याने देणाऱ्यांनी काही दुरुस्तीसाठी तो बंद करून परत चालू केला. आमचा प्रोग्रॅम उठायला लागला, डेटाबेसला हाक मारली आणि थांबला. संस्थेच्या ऑफिसने डेटाबेसचा पासवर्ड कधीच बदलला होता. चालत्या प्रोग्रॅमने जुनी जोडणी धरून ठेवली होती म्हणून कुणाला पत्ता नव्हता. आता नवी जोडणी मागितली तर दार लागलेलं. मॅडमच्या नियमाप्रमाणे डेटाबेसने ओ दिल्याशिवाय प्रोग्रॅमने आपलं दार उघडायचं नव्हतं. सगळे ठिपके लाल. सकाळपासून दुपारपर्यंत ड्रायव्हरांनी फोनवर विचारून काम भागवलं. कुणाचं काही बिघडलं नाही. पण संस्थेतून सरांना जे ऐकावं लागलं, ते दाराबाहेर मलाही ऐकू येत होतं.

संध्याकाळी सरांनी अमोलला बोलावलं. प्रोग्रॅम काही झालं तरी उठलाच पाहिजे. डेटाबेसने ओ दिली नाही तर शेवटची ठेवलेली यादी घ्यायची आणि दार उघडायचं. ठेवलेली यादी कोणती? प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नीट उठला की तेव्हाची यादी एका फाइलमध्ये टाकून ठेवायची, ती.

मॅडम म्हणाल्या, "फ्रिज रिकामा असला तं दवाखाना बंद ठेवा सर. बंद दिसला तं मानूस दुसरीकडं जाते."

"मॅडम, थोडी जुनी माहिती काहीच नसण्यापेक्षा बरी."

"नाही. काहीच नसलं तं मानूस विचारते."

सरांनी त्यांना कॉलेजच्या प्रवेशाचं नवं काम दिलं आणि दवाखान्यांचं काम अमोलकडे गेलं. मॅडमनी टेबल बदललं नाही. फक्त खुर्ची थोडी वळवून घेतली, भिंतीवरची स्क्रीन नजरेत राहील अशी.

पेरण्या झाल्या, निंदणं सुरू झाली. एका दुपारी मॅडम कॉलेजवर गेलेल्या असताना भिंतीवरचे ठिपके एकदम लाल झाले आणि लगेच हिरवे झाले. तासाभराने त्या परत येऊन बसल्या तेव्हा अमोल खुशीत म्हणाला, "पाह्यलं का? सर्व्हरवाल्यांनी पुन्हा बंद-चालू केलं. कोणाला कळलंही नाही."

मॅडम उठून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "वर घे," म्हणाल्या. त्याने पडदा वर सरकवला आणि त्या नेहमीसारख्या वाचायला लागल्या.

"सेटिंग वाचली. डेटाबेसले हाक मारली." थांबल्या. "ओ नाही." पुढची ओळ त्यांनी हळू वाचली. "ठेवलेली यादी घेतली. दार उघडलं."

मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"यादी कधीची हाय बे?"

अमोलने शोधलं. यादी प्रत्येक उठण्याला ताजी होणार होती, पण सोमवार बंद झाल्यापासून प्रोग्रॅम उठलाच नव्हता. मधल्या त्या एका दिवशी उठला, तेवढाच. यादी पेरणीच्या आधीची होती.

मॅडमनी माझ्या टेबलावरचा फोन उचलला. पहिला फोन सोनाळ्याला.

"कुसुम सिस्टर, फ्रिजात किती हाय?"

फोन कानापासून दूर धरल्यामुळे मलाही ऐकू आलं. "मॅडम, आमची लस तं मागच्याच आठवड्यात संपली. मी तवाच टाकलं होतं न स्क्रीनवर. काऊन, काय झालं?"

"कोनी येऊन राह्यलं का तुमच्याकडं?"

"शफीकभाई निघाले म्हने डोंगराकडून. बाईले चावलं, शेताच्या धुऱ्यावर गवत कापताना. इकडंच आणून राह्यले."

शफीकभाई हे त्या भागातले जीपचे ड्रायव्हर. मॅडमनी त्यांचा नंबर लावला. लागेना. पायथ्याच्या त्या रस्त्याला रेंज नसते. त्या लावत राहिल्या. अमोल उभा होता, मी उभी होते. भिंतीवर सोनाळ्यापुढचा ठिपका हिरवा होता. शेवटी फोन लागला तेव्हा मॅडमनी एवढंच ऐकलं आणि डोळे मिटले. जीप सोनाळ्याच्या दवाखान्याच्या दारात उभी होती. तिथून वळवून दुसरीकडे न्यावं लागलं. तालुक्याचा रस्ता ते ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जात होता.

सुमनबाई नाव होतं तिचं. वाटेतच गेली.

काही दिवसांनी शफीकभाई स्वतः ऑफिसात आले. भांडायला येतील असं सरांना वाटलं, म्हणून सर बाहेर गेले. शफीकभाई भांडले नाहीत. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मॅडम, मी फोन केला असता सिस्टरले. मधात जवा तुमचं बंद पडलं होतं, तवा केलाच होता न? लाल दिसलं का मी फोनच करतो." त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलली. "पन हिरवं होतं. अन् तुमची मशीन आजपावेतो झूट बोलली नाही. म्हनून नाही केला."

मॅडमनी शफीकभाईंचा रिकामा ग्लास उचलून आत नेला आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नळ चालू होता.

सरांनी उपाय काढला. यादी जुनी असेल तर स्क्रीनच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ दिसेल, 'माहिती अद्ययावत नसू शकते'. मॅडम म्हणाल्या, "मांडीवर मानूस घेऊन बसलेला तळची ओळ वाचते का सर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

त्या सोमवारी त्यांनी कुणाला न विचारता चहानंतर दवाखान्यांना फोन केले. जुन्या यादीवर दार उघडणाऱ्या अमोलच्या ओळी प्रोग्रॅममधून काढल्या. अमोलने स्वतःच खुर्ची रिकामी करून दिली. प्रोग्रॅम बंद केला, चालू केला. 'ऊठ बे' म्हणाल्या नाहीत. सगळ्या ओळी मनातच वाचल्या, दार उघडलेलं पाहिलं आणि माझ्या हातात राजीनामा ठेवून जिना उतरल्या. खाली खताच्या दुकानासमोर जीप उभी होती. इंजिन चालू झाल्यावर त्या बसल्या.

त्यानंतर महिन्याभरात अमोलच्या ओळी परत लागल्या. निर्णय सरांचा होता. तळाची ओळही आहे. कुसुम सिस्टरकडून मला कळलं, की मॅडमचा फोन अजून येतो. दर सोमवारी, न चुकता, प्रत्येक दवाखान्याला. पगार कुणी देत नाही, काम कुणी सांगितलेलं नाही. "फ्रिज उघडा म्हन्तात," सिस्टर म्हणाल्या. "उघडून सांगितल्याबिगर फोन ठेवतच नाहीत."

परवा मी त्यांना पाहिलं. सोमवारच होता. बँकेचं काम आटोपून मी स्टँडवरून ऑफिसला चालले होते. मेहकरची गाडी लागली होती आणि मॅडम नेहमीसारख्या पुढच्या चाकाजवळ उभ्या होत्या. हातात वडिलांच्या औषधांची पिशवी, कानाला फोन. केस बरेच पांढरे झाले होते. मी जवळ गेले. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, पण फोन काढला नाही.

"जानेफळ झालं," त्या मला म्हणाल्या. "बाकीचेबी झाले. सोनाळा उचलून नाही राह्यलं."

"असतील कामात सिस्टर."

"हाव. असतीन."

ड्रायव्हरने चावी फिरवली. गाडी घरघरली, थरथरली, चालू झाली. मॅडमनी नेहमीप्रमाणे कान दिला नाही. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ बाई, येता का नाही? चालू झाली न गाडी!" त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. त्याने थोडं थांबून घंटी मारली. गाडी हलली, वळली, गेटमधून बाहेर गेली. मॅडम जिथे होत्या तिथेच होत्या.

मी पर्समधून माझा मोबाइल काढला. दवाखान्यांची स्क्रीन सरांनी आम्हा सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलेली आहे. मी सोनाळा पाहिलं. हिरवं होतं. ते मॅडमना दाखवावं म्हणून मी हात पुढे केला आणि तसाच खाली घेतला.

त्यांच्या फोनमध्ये घंटी वाजत होती. मला इतक्या जवळून ती ऐकू येत होती. वाजून वाजून बंद पडली. मॅडमनी नंबर पुन्हा लावला.